गॅरेजमधले पाच रविवार

काल घड्याळं एक तास पुढं गेली. इथलं सरकार दर मार्चमध्ये प्रत्येकाच्या झोपेतला एक तास काढून घेतं आणि ऑक्टोबरात परत करतं. आमच्या रीडिंगमध्ये त्याची कुणी तक्रार करत नाही. पुण्यात करून बघा म्हणावं असं, वर्तमानपत्रांत महिनाभर वाचकांची पत्रं येतील. तर काल उशिराच उठलो, पडदा सारला तर बाहेर ऊन. म्हणजे इथले लोक ज्याला ऊन म्हणतात ते. चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो आणि कोपऱ्यावरून यंदाची पहिली मोटरसायकल गेली. मागोमाग दुसरी, मग तिघं-चौघं एकदम. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या गाड्या लोक बाहेर काढतात तो हा रविवार.

तो आवाज हल्ली मला ऐकवत नाही. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, ते माहीत आहे. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

आमच्याही गॅरेजमध्ये एक मोटरसायकल आहे. लाल रंगाची, सहाशे सीसीची, जपानी, आता चांगली सोळा वर्षांची. ती मला चालवता येत नाही. इथला मोटरसायकलचा परवाना मी काढलाच नाही. पुण्यात वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला हे लोक पुन्हा शंकू मांडून आठचा आकडा काढायला लावतात, हा अपमान मला सोसण्यासारखा नव्हता. गाडी अव्याची. अविनाश, नागपूरचा, माझा मित्र. अजून मित्र म्हणायचं की नाही, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

आम्ही एकाच कंपनीतून इथं आलो, एकाच प्रोजेक्टवर. मी आधी आलो, मॅनेजर म्हणून; तो मागाहून, माझ्या टीममध्ये. ऑफिसात तो माझ्या हाताखाली आणि गॅरेजमध्ये मी त्याच्या हाताखाली, असा आमचा करार होता. तो, रश्मी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे. तिथं सायकल ठेवायला जागा नव्हती, मोटरसायकल कुठली ठेवणार? माझ्या भाड्याच्या घराला गॅरेज होतं आणि त्यात रिकाम्या खोक्यांपलीकडे काही नव्हतं. एका निवृत्त पोस्टमनकडून त्यानं ही गाडी घेतली, ढकलतच माझ्या दारात आणली आणि म्हणाला, "शिऱ्या, हे तुझ्याकडे राहीन. तू काही करू नको, फक्त चहा पाज." नागपूरची माणसं हक्क सांगत नाहीत, गृहीत धरतात. मला ते आवडायचं. आम्हा पुणेकरांना कुणी असं गृहीत धरतच नाही, आणि का धरत नाहीत ते सर्वांना ठाऊक आहे.

इथं ऑक्टोबर सरला की रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात होते, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ गाडीचं लोखंड खाऊन टाकतं. म्हणून गाडी चार-पाच महिने झाकून ठेवायची आणि मार्चमध्ये उघडायची. गंमत अशी की आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, पूजा करायची. इथं दसरा येतो तो नेमका गाडीवर चादर घालायच्या दिवसांत. झाकलेल्या गाडीला कसला हार घालणार? तेव्हा अव्यानं पूजा पाडव्यावर ढकलली. "देवाला हवामान समजते," तो म्हणाला. पहिल्या वर्षी मंजिरीनं नाक मुरडलं होतं. दुसऱ्या वर्षापासून कुंकवाची कोयरी तीच काढून द्यायला लागली.

गाडी तयार करायला पाच रविवार लागायचे. एवढे लागायला नकोत, कुठलाही इंग्रज एका शनिवारात करतो. पण आम्हाला घाई नव्हती. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, ते काढायचं. कार्ब्युरेटर उघडून त्याच्या बारीक भोकांतून तार घालायची. चेन पॅराफिननं धुवायची. पॅराफिन म्हणजे आपलं रॉकेल. पहिल्यांदा त्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो होतो, कारण चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे आईचा स्टोव्ह पेटायचा तेव्हा अगदी तोच वास यायचा. अव्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मलाही आली होती बे, आजीची आठवण. दुकानात बाटली उघडून उभा राहिलो तर तो दुकानदार समजला, पितो की काय."

त्याची कामाची एक रीत होती. रश्मीचा जुना मसाल्याचा डबा त्यानं गॅरेजसाठी मागून घेतला होता, सात वाट्यांचा, स्टीलचा. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायसर त्या वाट्यांत जायचा. मोहरीच्या वाटीत कार्ब्युरेटरचे, जिऱ्याच्या वाटीत टाकीचे, हळदीच्या वाटीत ब्रेकचे. वाट्या घासूनपुसून लखलखीत होत्या तरी नावं तीच राहिली होती. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून तो गाडीखाली आडवा व्हायचा आणि तिथून फक्त हात बाहेर यायचा. "हळदीतला लांब दे." मी लांब द्यायचो. "हा नाही बे, त्याच्याहून लांब." ऑफिसात अडीचशे पानांचे प्लॅन करणारा मी तिथं दोन तास हळद आणि जिरं ओळखत बसायचो आणि इतका सुखी असायचो की सांगता सोय नाही.

दोन हजार सहाचा मार्च. पहिला रविवार असाच गेला, निर्मळ. बॅटरी काढून आमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली, डाळीच्या डब्यांशेजारी. मंजिरी म्हणाली, "आता एक गाडीच आणून ठेवा ओट्यावर." अव्या म्हणाला, "वहिनी, ओटा लहान पडून राहिला." त्या वर्षी आम्ही वेल्सला जायचं ठरवत होतो. मे महिन्यात, तो पुढं, मी मागं, तीन दिवस. समुद्राच्या कडेकडेनं. त्यानं नकाशा आणला होता आणि तो गॅरेजच्या भिंतीला चिकटवला होता.

मंगळवारी मला माझ्या साहेबांनी खोलीत बोलावलं. प्रोजेक्ट आटोपता घ्यायचा होता. एप्रिलअखेर चार माणसं परत पाठवायची होती, आणि यादी त्यांनी टेबलावरून माझ्याकडं सरकवली. अव्याचं नाव तिसरं होतं. जाहीर महिन्याभरानं करायचं, तोवर नावं फुटता कामा नयेत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. बाहेर आलो तर अव्या कॉफीच्या मशीनपाशी उभा, दोन कप घेऊन. एक माझ्यासाठी.

परत पाठवणं म्हणजे काय, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. वर्क परमिट कंपनीचं. कंपनी परत जा म्हणाली की मुलीची नर्सरी, फ्लॅटचं भाडं, हप्त्यावर घेतलेला सोफा, सगळं महिन्याभरात गुंडाळायचं. त्यात काही वर्षं सलग काढली की कायम राहायचा शिक्का मिळतो, आणि अव्या त्याच्या अर्ध्या वाटेवर होता. माझा शिक्का सहा महिन्यांवर आला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे मी केलं ते याच्यासाठी केलं, कंपनीच्या नियमासाठी नव्हे. नियमाची गोष्ट मी नंतर स्वतःला सांगितली.

त्या संध्याकाळी मंजिरीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली. "मग रविवारी सांगशील ना त्याला?" "बघू," मी म्हणालो. "बघू काय? सांग." दुसऱ्या रविवारी अव्या आला, हात काळे करून गेला. दार लागल्याबरोबर तिनं विचारलं, "सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तिसऱ्या रविवारीही तिनं विचारलं. चौथ्या रविवारपासून तिनं विचारणं सोडलं, आणि रश्मीकडं जाणंही सोडलं. रश्मी फोन करून विचारायची, "वहिनी, रागावलात का?" आणि मंजिरी खोटंच कणकण असल्याचं सांगायची. माझ्या गप्प बसण्यात मी तिलाही ओढलं होतं.

मी वाईट माणूस नाही, असं मी त्या दिवसांत स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. वाईट माणसंही स्वतःला हेच सांगत असणार. आणखीही सांगितलं: कळून तरी त्याला काय करता येणार आहे? उगीच महिनाभर आधी झोप उडायची बिचाऱ्याची. हे मला पटत आलं होतं. म्हणजे तिसऱ्या रविवारपर्यंत.

तिसऱ्या रविवारी तो कार्ब्युरेटर जोडत होता. पाऊस होता, इथला, पडतो की नाही ते छत्री उघडल्यावर कळतं तसला. गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. गाडीखालून त्याचा आवाज आला, "शिऱ्या, एक विचारायचं होतं. साउथहॅम्प्टनला एक कंपनी आहे, छोटीशीच. ते मला बोलावून राहिले. परमिटही ते काढतो म्हणतात. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. काय करू?"

मी हातात मोहरीची वाटी धरून बसलो होतो. त्यातले स्क्रू मी मोजायला लागलो. आठ होते.

"पैसे थोडे कमीच आहेत," तो पुढं म्हणाला. "रश्मीचं मन नाही. पोरीला नर्सरीत आत्ता कुठं मैत्रिणी भेटल्या. आणि तुझ्यासारखा मॅनेजर सोडून जायचं जिवावर येते बे. पण तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. मला फक्त "जा" म्हणायचं होतं. कारणसुद्धा द्यायला नको होतं. त्यानं विचारलंही नसतं. पण त्यानं जर लगेच राजीनामा दिला असता, तर साहेबांनी विचारलं असतं, याला कुणी सांगितलं? माझ्या डोळ्यासमोर माझा शिक्का आला. मी म्हणालो, "घाई काय आहे?"

एवढंच. घाई काय आहे. तो म्हणाला, "खरं आहे, घाई काय आहे," आणि हात बाहेर काढला, स्क्रूसाठी. मी त्याच्या तळव्यावर स्क्रू ठेवला. तळवा गार होता, तेलकट. शुक्रवारी त्यानं साउथहॅम्प्टनवाल्यांना 'येत नाही' म्हणून कळवलं आणि मला ऑफिसच्या मेलवर लिहिलं, "केलं बंद ते प्रकरण. आता वेल्स." मी उत्तर दिलं, "ग्रेट." अजून ती मेल माझ्याकडं आहे. पुसून टाकायचं धाडस होत नाही.

शनिवारी मी एकटाच गॅरेजमध्ये गेलो. काहीतरी त्याच्यासाठी करावं असं फार आतून वाटत होतं. आता मनातली खरी गोष्ट सांगायची नसली की माणूस भलतीच सेवा करायला लागतो. गाडीवरची चादर काढली तर पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या दोन्ही चकत्यांवर गंजाची पातळ, केशरी साय आली होती. मला माझे वडील आठवले. मे महिना संपत आला की ते स्कूटर अंगणात घ्यायचे आणि जुन्या बनियनचा बोळा तेलात बुडवून जिथं जिथं लोखंड चमकतं तिथं तिथं फिरवायचे. "पावसाळ्याआधी लोखंडाला तेल पाजावं," म्हणायचे. मी तसंच केलं. कपाटातलं मशीनचं तेल काढलं, मऊ फडकं घेतलं आणि दोन्ही चकत्या अशा घासून, चोळून, पुसून काढल्या की त्यांत माझं तोंड दिसायला लागलं. तासभर लागला. कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

आमच्या लहानपणच्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या पोटात बंद असायचे, बाहेरून कितीही तेल लावा, काही बिघडत नसे. या गाडीचा ब्रेक उघडा होता. तो त्या चकतीलाच चिमटीत धरून गाडी थांबवतो. हे ज्याला कळत नाही अशा माणसानं त्याला हात लावू नये. पण मला विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं त्याच्यापासूनच तोंड लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या रविवारी, घड्याळं पुढं गेली होती आणि असंच ऊन पडलं होतं. अव्यानं गाडी सुरू केली. खोकली, थुंकली आणि लागली. काय आनंद झाला त्याला! हेल्मेट न घालताच तो गल्लीत निघाला, चालण्याच्या वेगानं. कोपऱ्यावर वळून परत आला आणि आमच्या दारात ब्रेक दाबला. गाडी थांबेचना. मी बघतोय, तो दाबतोय, गाडी आपली शांतपणे पुढं. मागचा ब्रेक पायानं दाबेपर्यंत ती कचऱ्याच्या मोठ्या डब्यावर जाऊन टेकली. डबा आडवा झाला. शेजारचा म्हातारा खिडकीत आला, बघून गेला.

अव्या उतरला, चकतीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग माझ्याकडं वळला.

"तेल कोणी लावलं?"

"मी. गंज आला होता."

आणि मग तो जो हसायला लागला! फुटपाथवर बसला, पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अबे शिऱ्या, मारून टाकतो का बे मला? घाटातबिटात असतो तर? काऊन बे, मी तुझं काय वाईट केलं?"

आता, मी मनात म्हटलं. आता सांग. हसतोय तो, माफ करण्याच्या मनःस्थितीत आहे. याहून चांगली वेळ येणार नाही. शुक्रवार होऊन दोनच दिवस झालेत, साउथहॅम्प्टनवाले अजून फोन उचलतील. माझं तोंड उघडलंसुद्धा. मी म्हणालो, "चहा टाकतो."

ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरलं होतं, ते फेकून नवे घालावे लागले. त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पाचव्या रविवारी पाडव्याची पूजा झाली. पाडवा गुरुवारी होऊन गेला होता, पण ऑफिसमुळं आम्ही देवाला रविवारवर आणला होता. रश्मीनं टाकीवर स्वस्तिक काढलं, मुलीनं आरशाला कागदी फुलं बांधली, अव्यानं गॅरेजच्या फरशीवर नारळ फोडला. मंजिरी दारातच उभी राहिली. रश्मीनं तिला हळदीकुंकू लावलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हो वहिनी?" रश्मी म्हणाली. "पॅराफिनचा वास झोंबतो गं," मंजिरी म्हणाली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी चौघांना एकेक करून आत बोलावलं. अव्या दहा मिनिटांत बाहेर आला, आपल्या जागेवर बसला, कॉम्प्युटर बंद केला. मग माझ्याजवळ आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं का बे?"

"नाही रे. मलाही आत्ताच कळलं."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, तो माझं सांत्वन करत होता.

त्यानं साउथहॅम्प्टनला फोन केला, ती जागा भरली होती. आणखी दोन-तीन ठिकाणी प्रयत्न केले. तीन आठवड्यांत परमिट कोण काढून देणार? सोफा विकला, मुलीची नर्सरी थांबवली. तिच्या मैत्रिणींनी तिला मोठं कार्ड दिलं, सगळ्यांनी वेडीवाकडी नावं लिहिलेलं, आणि ती ते कार्ड सगळ्यांना दाखवत होती, कारण तिला वाटत होतं आपण सुट्टीला चाललोय. निघायच्या आधीच्या रविवारी अव्या सकाळीच दारात उभा. "चल, वेल्स नाही तर नाही, एक चक्कर तर मारू."

गाडीची तपासणी तो मधल्या दिवसांत करून आला होता. पास झाली होती. मी मागं बसलो. उसनं हेल्मेट मला घट्ट होत होतं. रीडिंग सोडलं की थेम्सच्या काठाकाठानं छोटा रस्ता जातो, दोन्ही बाजूंनी झुडपं, मधूनच पिवळ्या मोहरीसारखं फुललेलं शेत. तो फार सुरेख चालवायचा. वळणावर गाडी कलायची आणि मी त्याच्या कमरेला धरलेलं असायचं, लहान मूल धरतं तसं. समोर त्याची पाठ. तोंड बघायचं नव्हतं, डोळ्यांत डोळे घालायचे नव्हते. वारा इतका होता की स्वतःचा आवाज स्वतःला येत नव्हता. तिथं मी बोललो. हेल्मेटच्या आत, चांगल्या मोठ्या आवाजात बोललो, "अव्या, मला माहीत होतं. महिनाभर आधीपासून माहीत होतं." काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. त्याला ऐकू गेलं नाही. ऐकू जाणार नाही हे पाहूनच मी बोललो होतो, ही माझी लायकी.

परत आल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "ठेव. येईन मी दोन-तीन वर्षांत परत. तोवर हिला मरू देऊ नको."

आणि मी नाही मरू दिली. त्यानंतरच्या दोन्ही मार्चमध्ये पाच-पाच रविवार मी एकटा गॅरेजमध्ये बसलो. हस्तपुस्तिका वाचून वाचून शिकलो. वाटीतला स्क्रू आपणच उचलायचा आणि आपणच खाली आडवं व्हायचं. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, चेन धुतली. ब्रेकला हात लावण्यापूर्वी दहादा वाचलं. बोटांची सालं निघाली. गाडी सुरू व्हायची, वीस मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचो, गॅरेज धुरानं भरायचं, मग बंद करायचो आणि पुन्हा चादर. मला वाटायचं, यानं थोडं थोडं फिटेल. माझा कायमचा शिक्का तोवर मिळाला होता. तो पासपोर्टात आला त्या दिवशी मंजिरीनं गोड केलं नाही आणि मी विचारलं नाही.

अव्या दर दिवाळीला आणि पाडव्याला नागपूरहून फोन करायचा. गेल्या वर्षीही पाडव्याला केला. नोकरी साधीच होती, पगार कमी होता, रश्मीची शाळेत नोकरी होती म्हणून निभत होतं. हे सगळं तो हसत सांगायचा. मग म्हणाला, "एक सांगू का बे? तिकडच्या साऱ्यांना विसरलो मी. एक तूच राहिला. दुसऱ्याची गाडी कोण सांभाळते बे एवढी वर्षं? सख्खा भाऊ नाही सांभाळत."

शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ही स्तुती मात्र मला गिळवेना.

"अव्या, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझं नाव यादीत आहे ते. महिनाभर आधी."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला असावा. मग त्यानं एकच गोष्ट विचारली.

"साउथहॅम्प्टनच्या आधी?"

"हो."

मला वाटलं, फोनच्या कार्डातले पैसे संपले. मग आठवलं, फोन त्यानं केलाय.

"मग आता काऊन सांगून राहिला?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मला कळावं म्हणून, का तुला बरं वाटावं म्हणून?"

निदान आता तरी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं. "मला बरं वाटावं म्हणून."

"मग वाटलं का?"

"नाही."

"हं," तो म्हणाला. "गाडी विकून टाक. चल, ठेवतो, पानं वाढली आहेत."

दिवाळीला त्याचा फोन आला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो, फोनपाशी बसलो. मंजिरीनं दोनदा जेवायला बोलावलं. मी का नाही केला? केला, दोन दिवसांनी. रश्मीनं उचलला. "हे बाहेर गेलेत," ती म्हणाली, आणि वहिनी कशा आहेत, हे विचारलं नाही. पूर्वी ती ते आधी विचारायची.

लोक म्हणतात खरं बोललं की मन हलकं होतं. कुणी काढलंय हे? खरं बोलायलाही वेळ असते. ती टळली की तेच खरं दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं ओझं होतं, आणि टाकणारा मोकळा होत नाही तो नाहीच. मी बोललो नसतो तर आज तो मला भावासारखा मानत असता, आणि ते खोटं असतं. बोललो, तर आता काहीच नाही. यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. कधी रात्री वाटतं हे, सकाळी वाटतं ते.

गाडी विकायची म्हणजे इथं मालकाची सही लागते. कागद अव्याच्या नावावर, पत्ता माझा. जानेवारीत मी तो कागद नागपूरला पाठवला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं बारीक खूण केली. सोबत पत्र लिहिलं, तीन पानी, हातानं. कितीतरी वर्षांनी मराठीत एवढं लिहिलं. तिसऱ्या रविवारी काय झालं ते सगळं लिहिलं, माझ्या शिक्क्याचंही लिहिलं, काही झाकलं नाही. क्षमा कर असं शेवटी लिहिलं होतं, ते खोडलं, मागण्याचा हक्क नाही असं वाटलं, मग पुन्हा लिहिलं. परत पाठवायला माझ्या पत्त्याचं पाकीट आत ठेवलं.

आज दुपारी ते पाकीट आलं. मी जिन्यावरच बसून फोडलं. आत कागद होता. पेन्सिलीच्या खुणेवर, अगदी जिथं हवी तिथं, निळ्या शाईत त्याची सही होती, खाली तारीख. मी कागदाची मागची बाजू बघितली. पाकिटात बोटं घालून चाचपलं, उलटं धरून झटकलं.

मंजिरी स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत. पाकिटावरचं अक्षर तिनं ओळखलं असणार. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर आशा दिसली.

"काय म्हणतोय अव्या?" तिनं विचारलं.

"सही केलीय," मी म्हणालो.